शाहू मिलचं काय करायचं? (आणि ओस पडलेल्या इतर नावाजलेल्या वास्तूंचं)

पंचगंगाकाठ
परवा पोराला शाळेतून घेऊन कोटितीर्थाच्या बाजूनं घरी येत होतो. शाहू मिलची भिंत सुरू झाली तसं त्यानं विचारलं, "हितं काय हाय?" म्हटलं, मिल. "मग आवाज का येत न्हाई?" घरापर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राजर्षी शाहू महाराजांनी २७ सप्टेंबर १९०६ ला या गिरणीचा पाया घातला. संस्थानातल्या माणसांना इथंच काम मिळावं, म्हणून. गिरणी २००३ मध्ये बंद झाली. जागा सुमारे २७ एकर, तीही शहराच्या मधोमध. तिथं महाराजांचं स्मारक व्हावं यावर कोल्हापुरात दुमत नाही. आराखडे झाले, आकडे जाहीर झाले, बैठका झाल्या. दरवर्षी पाऊस मात्र त्याच दगडी भिंतींवर पडतोय.

मला २०२२ ची आठवण सारखी येते. महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं कृतज्ञता पर्व होतं. ६ मे ला सकाळी दहा वाजता अख्खं शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं, तेच दिवस. त्या वेळी मिलची दारं उघडली. आत प्रदर्शनं लागली, बाजार भरला. त्यासाठी कुणी नवीन इमारत बांधली नव्हती. झाडलोट केली, तणकट काढलं, दिवे लावले, एवढंच. तेवढ्यावर माणसं लोटली. म्हातारी माणसं नातवंडांना "इथं मी उभा असायचो" म्हणून दाखवत होती. पर्व संपलं आणि कुलूप परत लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: स्मारक पूर्ण होईल तेव्हा दार उघडू, असं म्हणत बसलो तर दार उघडेपर्यंत भिंती राहायच्या नाहीत. जी शेड आज धड उभी आहे, ती आज वापरात आणावी. पुढच्या वर्षी दुसरी. आणि वापर असा हवा की रोज सकाळी कुणाला तरी तिथं जावंच लागेल.

आता माझी सूचना. महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंग झाली, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. आज राधानगरी, चंदगड, शाहूवाडीकडची पोरं भरतीच्या आणि एमपीएससीच्या तयारीला शहरात येतात, एका खोलीत सहा-सहा राहतात आणि अभ्यासिकेत खुर्ची मिळावी म्हणून पहाटे रांग लावतात. मिलची एक शेड अभ्यासिकेला आणि एक वसतिगृहाला द्या. महाराजांचं याहून खरं स्मारक मला तरी सुचत नाही.

आपापल्या गावातलं लिहा. चांगलं झालेलं लिहा आणि बिघडलेलंही लिहा.

जुना राजारामपुरी
लेख पोटतिडकीनं लिहिलाय, पण मी सहमत नाही. अभ्यासिका कुठंही होईल. महापालिकेच्या एखाद्या शाळेच्या वरच्या मजल्यावरही होईल. शाहू मिल एकच आहे. आज एक शेड अभ्यासिकेला दिली की उद्या दुसरी गोदामाला जाईल, तिसऱ्यात कुठलं तरी कार्यालय येऊन बसेल. एकदा बसलेलं कार्यालय उठवणं किती कठीण असतं ते माहीत आहे ना? मग स्मारकाला जागाच उरणार नाही. तात्पुरत्या सोयीपायी कायमची जागा जाईल, ही माझी भीती आहे. हट्ट म्हणून बोलत नाही.

गावातल्या बाकी वास्तूंचं बघा. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३० च्या दशकात बांधला. पुढं त्याचं हॉटेल केलं, तेही बंद पडलं. जयप्रभा स्टुडिओ बघा. भालजी पेंढारकरांनी जिथं चित्रपट केले त्या जागेच्या विक्रीची बातमी २०२२ मध्ये आली, तेव्हा कलावंत आणि तंत्रज्ञांना आंदोलनाला बसावं लागलं. वास्तूचा हेतू एकदा ढळला की असं होतं.

पंचगंगाकाठ
काका, भीती खरी आहे. पण टाउन हॉलही आपल्याच गावात आहे. मेजर मँटनं १८७० च्या दशकात तो नगरभवन म्हणून बांधला. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू ठेवायला जागा हवी होती, म्हणून १९४९ मध्ये तिथं वस्तुसंग्रहालय आलं. पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ती छोटी कांस्यमूर्ती बघायला जगभरातून अभ्यासक येतात. हेतू बदलला, इमारत जगली. नव्या वापराला त्या गावचं काही कारण होतं, म्हणून तो टिकला असं मला वाटतं.

लालबागची
गिरणगावात वाढले, म्हणून लिहिते.

आमच्याकडे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मुंबईत तेव्हा साठेक गिरण्या होत्या. पुढं जे झालं त्यात एक बारीक गोष्ट आहे, ती कोल्हापूरकरांनी नीट वाचावी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानानं एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची जमीन हिशेबातून बाहेर गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. एका शब्दाच्या अर्थानं शेकडो एकर जागेचं भवितव्य ठरलं. आज तिथं मॉल आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत. मध्येच एखादी चिमणी ठेवलेली दिसते, तिच्या पायथ्याशी गाड्या लावतात.

तुमच्याकडे जमीन सरकारी महामंडळाची आहे. मुंबईत जे हातचं गेलं ते तुमच्याकडे अजून आहे. त्यामुळं आराखड्याचं चित्र किती देखणं आहे याच्या आधी त्याखालचा नियम वाचा.

दुसरी गोष्ट कमला मिलची. गिरणीच्या आवारात उपाहारगृहं आली आणि २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या आगीत १४ माणसं गेली. वापर बदलला की माणसांची गर्दी, तिची वेळ आणि तिच्या वाटा सगळंच बदलतं. सुटण्याच्या वाटा त्या मानानं बदलल्या नाहीत तर काय होतं ते आम्ही पाहिलंय.

चांगलंही सांगते. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद झालं होतं. बालगंधर्वांचा आणि दीनानाथांचा आवाज ऐकलेली ती वास्तू. २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली, तीही नाट्यगृह म्हणूनच. पहिल्यांदा आत गेले तेव्हा वर घुमटाकडे बघत कितीतरी वेळ उभीच होते. चर्चगेटचं इरॉस २०१७ ला बंद पडलं आणि २०२४ मध्ये सुरू झालं. पूर्वी १,२०० च्या वर आसनं होती, आता एकच पडदा आणि सुमारे ३०० आसनं. बाकीच्या भागात दुकान आहे. काहींना हे रुचलं नाही. मला विचाराल तर दिवा लागला हे महत्त्वाचं. बाहेरचा तो लाल-पिवळसर दर्शनी भाग पुसून चकचकीत झालाय, हेही कमी नाही.

कैची_कौलं
स्थापत्य अभियंता आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच काम वीस वर्षं करतोय. शाहू मिल आतून तपासलेली नाही, त्यामुळं तिच्याविषयी नेमकं बोलणार नाही. जुन्या गिरण्यांविषयी जे लागू पडतं ते लिहितो.

ओस पडलेली इमारत पाण्यानं मरते. कौल सरकतं, पन्हळीत पाला साचतो, पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरतं आणि तिथं पिंपळ रुजतो. पिंपळाचं रोप हातानं उपटता येतं तेव्हा कुणी उपटत नाही. दहा वर्षांनी मुळं दोन दगडांमध्ये पाचर मारल्यासारखी शिरतात, मग तो भाग उतरवूनच पुन्हा रचावा लागतो. चालू गिरणीत हे होत नव्हतं, कारण कुणी तरी रोज वर बघायचा. म्हणून वापर ठरो न ठरो, छप्पर, पन्हळी आणि झाडं ही तीन कामं दर वर्षी मे महिन्यात व्हायलाच हवीत. त्यांना स्मारकाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही.

दुसरं म्हणजे चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांसारखा सुटतो. "दुरुस्ती केली" म्हणून मिरवलेल्या कितीतरी वाड्यांची ही गत मी पाहिली आहे. चुना मळणारे गवंडी आता कमी आहेत, पण आहेत. चार तरुण पोरांना त्यांच्या हाताखाली घातलं तर मिलच्या दुरुस्तीतच एक शाळा तयार होईल.

वापराविषयी थोडं. बैठी शेड असेल तर सोनं समजा. जिना नको, उद्वाहक नको, बाहेर पडायला चारी बाजूंनी दारं काढता येतात. बऱ्याच गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असतात आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे असतात. दिवसभर सावलीचा सारखा उजेड मिळतो, ऊन थेट येत नाही. मागावर धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय वाचायला किंवा चित्र काढायला अगदी योग्य आहे. म्हणजे अभ्यासिकेची कल्पना नुसती भावनेची नाही, ती इमारतीलाही मानवते. वसतिगृहाचं मात्र मला अवघड वाटतं. संडास, न्हाणीघरं, सांडपाण्याच्या वाहिन्या, रात्री माणसं झोपलेली असताना लागणारी आगीपासूनची सुरक्षा, हे जुन्या शेडमध्ये बसवायला गेलात तर निम्मी शेड फोडावी लागेल. वसतिगृह आवारात नव्यानं बांधा, वाचन जुन्यात ठेवा.

आणि आगीबाबत ढिलाई नको. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आपण कुणीच विसरलेलो नाही. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. लाकडी कैच्या, पडदे, जुनी वायरिंग. ते तर वापरातलं होतं, तरी गेलं.

प्राजक्त
सगळं पटलं. पण पैसे कोण देणार? आणि वीजबिल? पहिल्या वर्षी सगळे उत्साहात असतात, तिसऱ्या वर्षी पंखे बंद असतात.

पंचगंगाकाठ
ताई, याच प्रश्नापाशी मीही अडलोय. पूर्ण उत्तर नाही. एका शेडमध्ये कायमचा बाजार ठेवावा असं वाटतं. कोल्हापुरी चपलेचे कारागीर, साज घडवणारे, गूळ आणि इचलकरंजीचं कापड. २०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती बनताना बघायला गावात येणाऱ्या पाहुण्याला कुठं न्यायचं? मुख्य रस्त्यावर दुकानं आहेत, कारागीर मागं गल्लीत असतात. भाडं कारागिराला झेपेल एवढंच आणि त्यातून अभ्यासिकेचे दिवे. हिशेब कुणी जाणकारानं तपासावा.

मिशिगनकर
मूळचा गडहिंग्लजचा, गेली अठरा वर्षं डेट्रॉइटजवळ राहतो. वाहन उद्योगामुळं इथं मराठी माणसं पुष्कळ आहेत. आमच्या शहरातली एक गोष्ट सांगतो.

इथं मिशिगन सेंट्रल नावाचं रेल्वे स्थानक आहे. १९१३ साली सुरू झालेलं, १८ मजली. ५ जानेवारी १९८८ ला शेवटची गाडी गेली आणि त्यानंतर तीस वर्षं ते रिकामं होतं. मी आलो तेव्हा एकाही खिडकीला काच नव्हती. उतरत्या उन्हात इमारतीच्या आरपार आभाळ दिसायचं. डेट्रॉइट बुडालं असं कुणाला दाखवायचं असलं की याच इमारतीचं छायाचित्र छापायचे. इथल्या माणसांना ते फार लागायचं. २००९ मध्ये नगर परिषदेनं पाडण्याचा ठरावही केला होता.

२०१८ मध्ये फोर्ड कंपनीनं ती घेतली आणि जून २०२४ मध्ये उघडली. मधली सहा वर्षं मी जाता-येता पाहत होतो. कैची_कौलं यांचं वाचून म्हणूनच लिहावंसं वाटलं. फोर्डचंही पहिलं मोठं काम इमारत वाळवणं हेच होतं. तळघरात साचलेलं पाणी उपसलं, छप्पर बंद केलं आणि दगडी बांधकामातला ओलावा जाईपर्यंत थांबले. प्रतीक्षालयाच्या कमानींना सुमारे २९,००० फरश्या आहेत. इतक्या वर्षांच्या पावसानंतरही त्यातल्या तेराशेच्या आसपासच बदलाव्या लागल्या. बाहेरच्या दगडाशी जुळणारा दगड मिळावा म्हणून इंडियाना राज्यातल्या, कैक वर्षं बंद असलेल्या खाणीतून दगड काढला.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. इमारत पुन्हा उभी राहणार हे जाहीर झाल्यावर एका अनोळखी माणसाचा फोन आला. तिथून पूर्वी चोरीला गेलेलं मोठं घड्याळ अमुक ठिकाणी ठेवलंय, घेऊन जा, असं त्यानं कळवलं. नाव सांगितलं नाही. मग इतरांनीही घरात पडलेल्या वस्तू परत आणून दिल्या. लोकांनी ते सामान नेलं होतं, पण टाकून दिलं नव्हतं. तुमच्या मिलचंही काय काय कुणाकुणाच्या माळ्यावर असेल. आधी ते मागवा. त्याला मंजुरी लागत नाही.

एक फरक मान्य करतो. इथं एका धनाढ्य कंपनीला अभियंते बसवायला जागा हवी होती, म्हणून हे झालं. तसा मालक प्रत्येक इमारतीला मिळत नाही.

फोंतैन्यास
पणजीहून. आमच्याकडे मांडवीकाठी जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची वास्तू आहे. इथली वैद्यकीय शाळा १८४२ ची. इस्पितळ बांबोळीला गेलं आणि हे आवार रिकामं झालं. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा या परिसराला नवा जीव आला. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवही तिथं भरतो. जिथं रुग्णांच्या खाटा होत्या त्या लांब खोल्यांतून चित्रं, मांडणशिल्पं लागतात. उंच छत, मोठ्या खिडक्या, आत खेळणारा वारा. फार शोभतं.

पण मला त्याचा सल असा की ते पाहुण्यांच्या वेळापत्रकावर चालतं. नोव्हेंबर-डिसेंबरात जी वर्दळ असते ती पावसाळ्यात नसते, आणि आमच्या इमारतींना माणसांची गरज पावसाळ्यातच जास्त. शेवाळ धरतं, बिजागऱ्या गंजतात. पंचगंगाकाठ यांचा "रोज सकाळी" हा मुद्दा मला म्हणून फार पटला. महोत्सव जरूर असावेत, पण महोत्सवावर इमारत जगत नाही.

आग्वादचा तुरुंगही बघून या. २०१५ पर्यंत तिथं कैदी होते, २०२१ च्या डिसेंबरात संग्रहालय म्हणून उघडला. ज्या कोठड्यांत टी. बी. कुन्हा आणि राममनोहर लोहिया यांच्यासारखी माणसं होती, तिथं नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

बदली कामगाराची लेक
तीन दिवस धागा वाचतेय. आज लिहिते.

माझे वडील शाहू मिलमध्ये होते. आधी बदली, मग कायम, साचेखात्यात. साचे म्हणजे कापड विणायचे माग. घरी आले की केसांत आणि भुवयांवर कापसाची पांढरी बुरशी असायची. आई दारातच पंचानं झटकायची. आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ नव्हतं, भोंग्यावर सगळं चालायचं. घड्याळ आलं ते मिल बंद पडल्यावर.

२०२२ ला मी त्यांना तिथं घेऊन गेले. गर्दी बघून आधी खूश झाले. मग एका शेडमध्ये भिंतीपासून पावलं मोजत चालायला लागले आणि एका जागी थांबले. तिथं आंब्यांचा स्टॉल होता. स्टॉलवाल्या पोराला वाटलं, आजोबांना पेटी हवी आहे. ते काही बोलले नाहीत. एक आंबा घेतला आणि आम्ही घरी आलो.

अभ्यासिका करा, बाजार करा, मला सगळं आवडेल. पण एका शेडमध्ये दोन-चार साचे चालू ठेवा. काचेत ठेवलेले नकोत, चालणारे हवेत. पोरांना तो आवाज ऐकू दे. चालवून दाखवणारे हात अजून गावात आहेत, पण ते सत्तरीच्या पुढचे आहेत. स्मारकाला अजून दहा वर्षं लागली तर शिकवायला कुणी उरणार नाही. इमारतीचं छप्पर एक वेळ पुन्हा घालता येईल.

जुना राजारामपुरी
तुमचं वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

माझा विरोध पूर्ण गेलेला नाही. जागेचे तुकडे पडू नयेत, सातबारा एकच राहावा आणि तात्पुरत्या वापराची मुदत कागदावर लिहिलेली असावी, या तीन गोष्टींवर मी ठाम आहे. पण त्या मान्य होणार असतील तर एक शेड आधी उघडायला माझी हरकत नाही. ती साच्यांची असावी. अभ्यासिका तिच्या शेजारी. ज्या पोरांना पुढं अधिकारी व्हायचंय त्यांना तो आवाज कानावर पडलेला बरा.

कैची_कौलं
आवाजात वाचन होणार नाही काका, मध्ये एक रिकामी शेड ठेवू. 🙂 मुदतीचा मुद्दा मात्र लाखमोलाचा आहे. अकरा-अकरा महिन्यांचा करार हवा.

पंचगंगाकाठ
तर आता बोलून थांबायला नको. आत जाऊन बघायच्या परवानगीसाठी मी अर्ज लिहितोय, मसुदा उद्या इथं टाकतो. काकांच्या तीन अटी त्यात जशाच्या तशा घेतो. पहिली मागणी फक्त दोन गोष्टींची: पावसाळ्याआधी छप्पर, पन्हळी आणि झाडांचं काम, आणि एक शेड तपासून घेणं. पैशाचा तक्ता प्राजक्तताईंनी करायचं कबूल केलंय.

परवानगी येईपर्यंत येत्या रविवारी बाहेरून फिरू. भिंतीला कुठं झाड आलंय, कुठं कौल सुटलंय, त्याचे फोटो काढून नकाशावर खुणा करायच्या. घरात मिलची जुनी ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, फोटो, धोटे, कांड्या, काहीही असेल तर घेऊन या. फोटो काढून लगेच परत देऊ. आणि ताई, बाबांना बरं असेल तर तेही आले तर फार बरं होईल. त्यांच्यासाठी खुर्ची आणतो.

बदली कामगाराची लेक
विचारलं त्यांना. खुर्ची नको म्हणाले, तिथं कधी बसलो नाही म्हणाले. त्यांच्या खात्यातल्या आणखी दोघांना फोन लावून बसलेत सकाळपासून. वेळ आठची ठेवा, दहानंतर ऊन सोसत नाही तिघांनाही.